पंच कमिटीला हवी होती ती साक्ष

नोव्हेंबर २००३, रविवार, उपासनेनंतर चर्चच्या पंच कमिटीची बैठक. हजर: पाळकसाहेब, सचिव, खजिनदार, दोन वयस्क पंच (पैकी एक झोपलेले) आणि मी. गैरहजर: ज्यांच्यासाठी मी तिथे बसले होते त्या नऊ मुली.

विषय एकच. चर्चच्या कंपाउंडमधलं मैदान संध्याकाळच्या धावण्याच्या सरावाला मुलींकडे राहू द्यायचं की काढून घ्यायचं.

मुली मखमलाबादकडच्या, भाजी आणि फुलं पिकवणाऱ्या घरांतल्या. ख्रिस्ती एकही नाही. एकीच्या वडिलांनी पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं, "ताई, पोरीला लय पळवा. देव मात्र आमचाच राहू द्या." मी म्हटलं, हिचा स्टार्ट इतका वाईट आहे की देवाचा विषय काढायला मला वेळच मिळणार नाही. ते हसले. शब्द मी पाळला.

कमिटीला नेमकं हेच खुपत होतं. सचिव म्हणाले, "भगिनी, इतकी वर्षं मैदान दिलं. मंडळीला काही फळ दिसायला नको?" खजिनदारांनी भर घातली की बाप्तिस्मे नाहीत तर निदान मेडल तरी आणा. या गृहस्थांना व्यासपीठाच्या तीन पायऱ्या चढताना धाप लागते.

तोडगाही तयार होता. चर्चच्या संमेलनात बाहेरचे पाहुणे येणार, त्यांच्यासमोर मी साक्ष द्यायची, म्हणजे प्रभूने मला कसं बदललं ते सांगायचं. सचिवांनी ती स्वतःच लिहून आणली होती. मी कॉलेजात गर्विष्ठ धावपटू होते, म्हणून प्रभूने मला भर शर्यतीत पाडलं, गुडघा मोडला आणि जवळ ओढलं. आता नऊ जीव त्याच्या वाटेवर आहेत. हे मी बोलले असते तर दुसऱ्या दिवशी बाजारात फुलांच्या टोपल्यांबरोबर पोचलं असतं, आणि एकही बाप मुलीला घराबाहेर सोडता ना.

वस्तुस्थिती वेगळी होती. शर्यत अडथळ्यांची, म्हणजे हर्डल्सची होती. हर्डलचे तळाचे पाय धावणाऱ्याच्या बाजूला ठेवतात, म्हणजे धक्का लागला की हर्डल पुढे पडते. उलटी ठेवली तर ती उभीच राहते, माणूस पडतो. आमच्या जिमखानाप्रमुखांनी सगळ्या हर्डल उलट्या मांडायला लावल्या, कारण फळीच्या एकाच, धावणाऱ्याकडच्या बाजूला कॉलेजचं नाव रंगवलेलं होतं आणि प्रमुख पाहुणे अंतिम रेषेपलीकडे सोफ्यावर बसले होते. नाव त्यांना दिसायला हवं होतं. दिसलं. माझा गुडघाही दिसला.

पुढे मी अंबडला एका कारखान्याचं स्टोअर सांभाळू लागले. मैदानाच्या रस्त्यानेही जात नसे. चर्चला जायचे ते सवयीने. तेव्हाच्या म्हाताऱ्या पाळकांनी एकदा संडे स्कूलची मुलं माझ्या गळ्यात मारली. "तू पळायचीस ना? मग यांना पळव." साक्ष वगैरे मागितली नाही. मी प्रत्येक हर्डलचे पाय वाकून तपासायचे, आणि एके दिवशी लक्षात आलं की तपासताना मी प्रार्थना करते आहे. माझा विश्वास तिथून सुरू होतो. तेज वगैरे काही दिसलं नाही.

एवढं सगळं मी कमिटीला सांगितलं नाही. सांगून उपयोगही नव्हता. इतकंच म्हणाले, "मला देवाने पाडलं नाही, मूर्खांनी पाडलं. देवाने उठवलं, आणि त्या वेळी पाहुणे बोलावले नव्हते."

पाळकसाहेबांनी घड्याळ पाहिलं. झोपलेले पंच जागे झाले आणि ठराव पास झाला का म्हणून विचारू लागले. लगेच झाला. मैदान बंद.

दुसऱ्या दिवशी मी नऊही घरी जाऊन आले. आपला देव जपणाऱ्या त्या वडिलांनी झेंडू काढून मोकळं झालेलं वावर दाखवलं. म्हणाले, "हितं पळवा. मुकादम कोणी नाय."

उपासनेला मी अजूनही जाते. प्रभू काही कमिटीचा सभासद नाही. मुली वावरात पळतात. मात्र वावराला उतार आहे आणि नांगरटीच्या सऱ्या पुरत्या मोडलेल्या नाहीत. जमीन दाबायला रोलर लागेल. चर्चच्या मागे एक गंजत पडलेला आहे, पण तो मी मागणार नाही. दुसरीकडे शोधायचा आहे. अजून मिळालेला नाही.