आयर्लंडची चाल, उमापूरचा गजर

माझी धाकटी बहीण आयर्लंडमध्ये एका दवाखान्यात नर्स आहे. तिकडं जाऊन चार महिने झाले असतील, तेव्हा एका रविवारी तिनं मला व्हिडिओ पाठवला. लाकडी टेबलाभोवती सात-आठ माणसं बसलेली. कुणाकडं फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिन, कुणाकडं बासरी, एका म्हाताऱ्याच्या मांडीवर दोन्ही बाजूंनी दाबायची पेटी. स्टेज नाही, माईक नाही. एकमेकांकडं बघत नुसते वाजवतायत. मागच्या फळीवर बाटल्यांची रांग होती. आईनं चष्मा वर करून विचारलं, "ह्या कसल्या बाटल्या हायेत रे?"

"मेडिकल आहे," मी म्हणालो. "दवाखान्यातलंच."

"मंग पेशंट लई खुशीत दिसायलेत," आई म्हणाली.

मी उमापूरच्या शाळेत विज्ञान शिकवतो. गाण्यातलं मला कळत नाही. ती चाल मात्र डोक्यातून जाईना. एक ओळ दोनदा, मग दुसरी ओळ दोनदा, मग पुन्हा पहिली. सुरुवात कुठली आणि शेवट कुठला, काही पत्ता लागत नव्हता. मी बहिणीकडून आणखी मागवलं, शोधून शोधून वाचलं. पण चांगली गोष्ट एकट्यानं खाता येत नाही, मास्तरच्या जातीला तर नाहीच. म्हणून स्टाफरूममध्ये हेडमास्तरांना ऐकवली. त्यांनी मिनिटभर शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "उचला की सर, कधीचा वाजतोय." घरी बायको म्हणाली, "मिक्सर लावते तेव्हा लावत जा, म्हणजे दोन्ही एकदाच होतील."

शाळेसमोर शिंपीमामांचं दुकान आहे. मामा तीस वर्षं गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवतात. एका दुपारी पँटची उंची कमी करायला मी त्यांच्याकडं गेलो, आणि ते काठ दुमडून शिवायला लागले तशी मी खिशातल्या मोबाईलवर चाल लावली. मामांनी वर बघितलं नाही. पण पायडलवरचा त्यांचा पाय हळूहळू त्या चालीवर आला. मशीन धडधडायला लागली, मान डोलायला लागली. चाल संपली तेव्हा मामांच्या कपाळाला घाम होता.

"सर, ह्याला काय म्हंत्यात?"

"रील."

"रीळ? आमच्या दोऱ्याचं?"

"नाही मामा, चालीचा प्रकार आहे तो."

मामांनी पँट उचलली. पायाचं तोंड त्यांनी आरपार शिवून टाकलं होतं. माझा उजवा पाय आता त्यातून कधीच बाहेर आला नसता.

"ऱ्हाऊ द्या, उसवून देतो मी," मामा म्हणाले. "तुमी ते पुन्यांदा लावा."

आठ दिवसांत त्यांनी ती चाल पेटीवर बसवली. मी रोज शाळा सुटल्यावर जाऊन बसायचो आणि कुणी विचारलं नाही तरी माहिती द्यायचो. तिथं मंडळाचा पखवाजवालाही असायचा. तो दर हंगामाला बायकोला घेऊन ऊसतोडीला जातो, नुकताच परतला होता. मी सांगितलं, की त्या देशात बटाट्याचं पीक सडलं, दुष्काळ पडला, लोक बोटीत बसून अमेरिकेला गेले. जाताना चाली सोबत नेल्या, आणि तिथल्या डोंगराळ मुलखातल्या गाण्यांत त्या अशा मिसळल्या की आता वेगळ्या काढता येत नाहीत.

"म्हंजी ऊसतोडीला गेल्यावानी," पखवाजवाला म्हणाला.

"तसंच म्हण."

"माघारी आले का?"

"बरेचसे नाही आले."

त्यानं जरा विचार केला. "मंग तिकडचा कारखाना कदी बंदच होत न्हाई वाटतं."

पुढं पालीजवळच्या एका गावात सप्ताहात भजन स्पर्धा होती. मंडळ टेम्पोतून निघालं, मीही सोबत. मामांनी पखवाजवाल्याशिवाय कुणालाच काही सांगितलं नव्हतं. शेवटचा गजर आला, आणि देवाचं नाव तेच ठेवून मामांनी चाल बदलली. टाळकरी म्हातारे क्षणभर बावरले. मग पखवाज असा धावला, की सगळ्यांना त्याच्यामागं पळण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. मांडवातल्या बायका उठून फुगडी घालायला लागल्या. सत्तरीचा एक टाळकरी उड्या मारत होता. नंतर तो म्हणाला, थांबायचं कुठं तेच कळंना.

परीक्षक शहरातले मोठे गवई होते. त्यांनी मामांना जवळ बोलावलं. "ही चाल कुठली?"

"आयर्लंडची हाय, म्हाराज."

शेजारी जनरेटर चालू होता. "आळंदीची?"

मामांनी माझ्याकडं बघितलं, मग टेबलावरच्या बक्षिसाच्या ढालीकडं बघितलं. "तिकडलीच," ते म्हणाले.

गवयांनी माईक घेतला. "मंडळी, आळंदीची ही जुनी चाल आता दुर्मिळ झाली. आमच्या गुरूंच्या तोंडून एकदाच ऐकली होती." आणि उमापूरला पहिला नंबर दिला.

मी बसून राहायला पाहिजे होतं. पण वीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून सांगितलेलं, ते अंगात भिनलेलं. मी उठलो. मामा डोळ्यांनी खाली बसा म्हणत होते. मी माईकवर जाऊन सगळं सांगितलं: देश, बेट, बटाटा, बोट. गवई कागदावर बराच वेळ काहीतरी खोडत होते. आमचा नंबर पहिल्यावरून उत्तेजनार्थवर आला.

परतीचा टेम्पो पाडळसिंगीला पोचला. मग पखवाजवाला म्हणाला, "कावून बोललात सर?"

"खरं होतं ते."

"खरं तर आमालाबी ठावं होतं."

पंधरा दिवस मामांनी माझा कपडा घेतला नाही. "काम लई हाय," म्हणायचे, आणि रिकाम्या मशीनवर हात ठेवून बसायचे. मग गेवराईतल्या एका मंडळानं तोच गजर म्हटला, वर आळंदीची चाल म्हणून सांगितलं. मामा तिथं श्रोत्यांत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरायच्या आत ते फाटकात उभे. "सर, चला तुमी. त्या माईकवर सांगितलं तसं ह्यांनाबी सांगा. चाल आपली हाय!"

"आपली म्हणजे?"

मामा थबकले. "म्हंजी त्यांचीच," ते आवाज उतरवून म्हणाले. "पण आदी आपल्याकडं आलती."

आमचं पुन्हा जमलं. परवा बहिणीनं नवी चाल पाठवली, एकट्या फिडलवरची, अगदी संथ. मामा काज करत होते. ऐकता ऐकता त्यांनी सुई कापडात टोचून ठेवली. चाल संपली तरी ती पुन्हा उचलली नाही.

"ही भजनात न्हाई बसत," शेवटी म्हणाले. "ही आपल्यापाशीच ऱ्हाऊ द्या. कुनाला दिऊ नगा, सर."

मी मान हलवली. सकाळीच मी ती तीन ग्रुपवर टाकली होती.