पद्मजाबाईंनी तोडलेली जोडणी

सूचिकाराचे काम हे ग्रंथकाराच्या कामाइतकेच श्रद्धेचे असते. वैदिक सूक्तांचे ऋषी, देवता आणि छंद नोंदवून ठेवणाऱ्या प्राचीन अनुक्रमणीकारांचे ऋण आपण क्वचितच स्मरतो. फणसवाडीत राहणाऱ्या पद्मजाबाई आठल्ये यांनी ते ऋण आयुष्यभर आपल्या परीने फेडले. दादरच्या एका ग्रंथालयात त्यांनी एकतीस वर्षे तालिकापत्रे लिहिली. टपोऱ्या, निळ्या अक्षरांतल्या त्या पत्रांच्या तळाशी ‘हेही पाहा’ अशी एक ओळ असे आणि तिच्यापुढे संबंधित ग्रंथांचे क्रमांक असत. ज्या पत्रावर ही ओळ कोरी राही, ते पद्मजाबाईंना अनाथ वाटे. अशी पत्रे त्या वेगळी काढून ठेवत, आणि त्यांचा कुठला तरी सोयरा सापडला की मगच ती खणात जात. वाचक एक पुस्तक मागायला आला, तर तीन घेऊन परत जाई.

निवृत्तीनंतर परळच्या एका लहानशा अभ्यासमंडळाने त्यांना बोलावून घेतले. गिरणी संपाला तेव्हा सत्तावीस वर्षे लोटली होती. संपाची साक्ष देऊ शकणारी माणसे एकेक करून जात होती. मंडळाचे चिटणीस बाबुराव शिगवण स्वतः त्या संपात होरपळलेले. साचेखात्यातली, म्हणजे मागांवरची, नोकरी गेल्यावर ते पुन्हा कुठल्याही गिरणीची पायरी चढले नाहीत. वृत्तपत्रांची कात्रणे, गणेशोत्सवातली छायाचित्रे, हजेरीपटांच्या प्रती आणि कामगारांच्या मुलाखती असे सगळे त्यांना एकत्र हवे होते.

या कामासाठी मंडळाच्या संगणकावर संदर्भ सांभाळणारी एक प्रणाली होती. प्रत्येक साधनाची एक नोंद, आणि नोंदीच्या कडेला ‘संबंधित’ असा एक रकाना. एका नोंदीला दुसरी जोडली की त्या दुसरीच्या रकान्यातही पहिलीचे नाव आपोआप उमटे. एकतीस वर्षे दोन्ही पत्रांवर हाताने लिहिलेली गोष्ट एका टिचकीत होते, हे पाहून पद्मजाबाई पहिल्या दिवशी काही क्षण नुसत्या बसून राहिल्या होत्या. वर्षभरात त्यांनी दोन हजारांहून अधिक जोडण्या केल्या.

२०१० च्या जानेवारीत, संपाच्या स्मरणदिनाआधीच्या रविवारी, लालबागच्या एका चाळीतल्या गणेशोत्सव मंडळाच्या सभागृहात या संग्रहाचे प्रदर्शन भरायचे होते. संग्रहाची प्रत एका संगणकावर घालून बाबुरावांनी तो गुरुवारीच तिकडे नेला. कोणीही यावे, आपले खाते, आपली चाळ, आपले नाव शोधावे, आणि एका नोंदीवरून दुसरीवर जात राहावे, अशी त्यांची कल्पना होती.

शुक्रवारी दुपारी पद्मजाबाई परळला मूळ संग्रहावर शेवटची नजर फिरवत होत्या. सतराव्या मुलाखतीशी त्या थांबल्या. नावाच्या जागी ‘निनावी, साचेवाला’ एवढेच होते. संपाच्या दहाव्या महिन्यात हा माणूस चोरून कामावर गेला होता. ‘संबंधित’ रकान्यात एक कात्रण होते: पोलीस बंदोबस्तात गिरणीच्या दारातून आत जाणारी बंद गाडी, खिडकीशी तोंडाला रुमाल बांधलेला एक माणूस, आणि खाली ‘संपफोडे कामावर’ ही ओळ. ‘खिडकीशी बसलेला तो मीच’ असे मुलाखतीत त्याने सांगितले होते, म्हणून एप्रिलमध्ये ही जोडणी झाली होती. पद्मजाबाईंनी सवयीने कात्रण उघडले. त्याच्या रकान्यात मुलाखतीखाली आणखी एक नोंद दिसली. गणेशोत्सव, १९८०. जूनमध्ये त्यांनी चारशे छायाचित्रे भिंगाखाली धरून चेहरे जुळवले होते, आणि डाव्या भुवईतली खूण दोन्हीकडे सापडल्याच्या आनंदात तीही जोडणी करून टाकली होती. त्या उत्सवाच्या छायाचित्राखाली बसलेल्यांची नावे छापलेली होती. डावीकडून तिसरे, कुशाबा घाडी.

दोन्ही जोडण्या खऱ्या होत्या. एकत्र मात्र त्या कोणालाही दोन टिचक्यांत निनावी माणसाच्या दाराशी नेऊन उभे करत होत्या. आणि प्रदर्शन भरायचे होते ते कुशाबांच्याच चाळीत; संपाच्या वेळी बाबुरावही तिथेच राहत. ‘माझं नाव कुठं येणार नाय ना?’ असे मुलाखत देताना कुशाबांनी पद्मजाबाईंना तीनदा विचारले होते आणि त्यांनी तीनदा शब्द दिला होता.

प्रदर्शनातली प्रत दुरुस्त करायला त्या तडक लालबागला गेल्या. सभागृहाला कुलूप होते.

“किल्ली बाबुरावांकडे,” ओट्यावर लसूण सोलत बसलेल्या, चाळीतल्याच सुंदराबाई म्हणाल्या. “ते गेलेत वरळीला, आमंत्रणं करायला. आता उद्या सकाळीच उघडणार. काय हरवलं का तुमचं आतमध्ये?”

“थोडं काम राहिलंय.”

“मग सांगू का त्यांना?”

“नको, नको. मीच येईन,” पद्मजाबाई इतक्या घाईने म्हणाल्या की सुंदराबाईंनी लसूण सोलणे थांबवून त्यांच्याकडे पाहिले.

तिसऱ्या मजल्यावर कुशाबांची खोली. दार त्यांच्या पत्नी जाईबाईंनी उघडले. कुशाबा आत कॉटवर भिंतीकडे तोंड करून आडवे झाले होते. पद्मजाबाईंनी दबक्या आवाजात जमेल तितके सोपे करून सगळे सांगितले. जाईबाईंचा चेहरा उतरत गेला.

“सत्तावीस वर्षं मी ह्या नळावर पाणी भरलं, बाई. कुणाला कळू दिलं नाय. पोरीला कावीळ झालेली तेव्हा. सगळ्यांना सांगितलं, हे गावाला गेलेत भातकापणीला. आणि हे वडाळ्याला माझ्या भावाकडे. तिथूनच गाडी उचलायची.” त्यांनी पदराने ओठ पुसले. “बाबुरावांच्या धाकट्या भावाची तेव्हा काय दशा झाली, माहीत हाय ना तुम्हाला? संपापायी गाव धरलान, परत आला नाय. त्या माणसाला हे कळलं, तर आम्ही तोंड कुठं दाखवायचं?”

“चूक माझी आहे. उद्या सकाळी बाबुराव येताच मी ती मुलाखत गाडीच्या चित्रापासून तोडून टाकते. म्हणजे त्या मुलाखतीवरून कुणालाच कुठे जाता येणार नाही.”

“तोडा. ह्यांना सांगू नका पण.”

“मी जागा हाय गो,” कॉटवरून आवाज आला. कुशाबा उठून बसले. भुवईतली ती खूण आता पांढऱ्या केसांत जेमतेम दिसत होती. “चाय ठेव. बाईंचा घसा सुकला असेल.”

जाईबाई जागच्या हलल्या नाहीत.

“बाई, मला नीट सांगा. तुम्ही मुलाखत तोडलीत, की त्या गाडीच्या फोटोपाशी काय राहणार?”

“तुमचं उत्सवातलं छायाचित्र राहील. म्हणजे, तेही काढलंच पाहिजे. मी दोन्ही काढते.”

“मग फोटोखाली नुसतं संपफोडे राहणार.”

पद्मजाबाईंनी मान डोलावली.

“सत्तावीस वर्षं तो तसाच हाय,” कुशाबा म्हणाले. “कोण बी बघतो आणि थुंकतो. पयल्यांदा त्याच्या बाजूला त्याचं बोलणं आलंय. ते तोडू नका. माझं नाव तोडा. गणपतीच्या फोटोत मी खुशाल बसतो, तिकडे मला कोण काय विचारत नाय. पण गाडीतला माणूस आणि त्याची मुलाखत एकत्र राहू देत.”

“आणि बाबुरावांनी आवाज ओळखला तर?” जाईबाई म्हणाल्या.

“कागदाला आवाज कुठं असतो?”

“शब्दांना असतो,” पद्मजाबाईंच्या तोंडून निघून गेले, आणि आपण हे का बोललो असे त्यांना झाले.

“मग ओळखू दे,” कुशाबा म्हणाले.

शनिवारी सकाळी साडेआठला पद्मजाबाई सभागृहात पोचल्या, तेव्हा बाबुराव आधीच संगणकापुढे बसले होते.

“या बाई. मी आपला कालपरवापासून ह्या उड्या मारतोय. एका चित्रातून दुसऱ्यात. काय छान केलंयत.” पडद्यावर गणेशोत्सवाचे चित्र होते. १९८०.

“जरा बसू का? एक दुरुस्ती आहे.”

“आत्ता? उद्या उघडायचंय, आता बोहल्यावर चढल्यावर कसली दुरुस्ती?” असे म्हणत बाबुराव उठले, पण मागेच उभे राहिले. पद्मजाबाईंनी रकान्यातल्या कात्रणाच्या नावावर टिचकी मारली आणि ते नाव काढून टाकले.

“हे का काढलंत?”

“ओळख चुकली होती. तो माणूस हा नव्हे.”

आपल्या नोंदीविषयी पद्मजाबाई आयुष्यात प्रथमच असत्य बोलल्या. त्या असत्याची जबाबदारी त्यांनी पुढे कधी दुसऱ्या कोणावर टाकली नाही.

“तुमची ओळख चुकली? मग आमचं काय खरं नाय,” बाबुराव हसले. “कोणतं चित्र होतं ते? दाखवा तरी.”

नाही म्हणणे शक्य नव्हते. त्यांनी कात्रण उघडले. बाबुरावांचे हसू मावळले. चेहरा पडद्याजवळ नेऊन त्यांनी बराच वेळ खिडकीशी बसलेल्या माणसाकडे पाहिले. मग स्वतःच टिचकी मारून मुलाखत उघडली आणि उभ्याउभ्याच वाचू लागले. संपादन करताना आजारी मुलगी आणि वडाळा पद्मजाबाईंनी वगळले होते. भातकापणी मात्र राहिली होती, हे त्यांना त्याच क्षणी आठवले. बाबुरावांचे ओठ हलत होते. त्या ओळीशी ते हलायचे थांबले.

“भातकापणीला त्या वर्षी निम्मी गिरणी गेलेली,” ते अखेरीस म्हणाले. “ह्याची कापणी काय झाली नाय वाटतं.” मग पद्मजाबाईंकडे वळून: “कोण हा?”

“नाव द्यायचं नाही, असा शब्द दिलाय.”

“मग नका देऊ.” त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. “अक्षर मोठं करा जरा. म्हाताऱ्यांना वाचता यायला पाहिजे.”

बाबुरावांना कळले की नाही, हे पद्मजाबाईंना त्या दिवशी ठरवता आले नाही. रात्रभर त्यांचा डोळा लागला नाही.

रविवारी सभागृह भरून गेले. अकराच्या सुमारास कुशाबा जिना उतरून आले आणि संगणकाभोवतीच्या घोळक्याच्या मागे उभे राहिले. जाईबाई दारातच थांबल्या. बाबुराव खुर्चीवर बसून ज्याला जे हवे ते दाखवत होते. त्यांची नजर वर गेली.

“कुशाबा, ये असा पुढं. तुला दिसायचं नाय तिथून. वाचून दाखवतो.”

कोणते वाचून दाखवतो, हे त्यांनी सांगितले नाही. त्यांनी गाडीचे चित्र उघडले, त्यावरून मुलाखत उघडली, आणि मोठ्याने वाचू लागले. घोळका शांत झाला. कोणीतरी मागे काही पुटपुटले, त्याला सुंदराबाईंनी गप्प केले. पद्मजाबाई भिंतीला पाठ टेकून उभ्या होत्या. त्यांना ना बाबुरावांकडे पाहवत होते, ना कुशाबांकडे. ‘त्या गाडीत बसल्यावर मी माझ्याच चाळीतली माणसं दारात उभी बघितली,’ इथपर्यंत बाबुराव आले. ते थांबले.

“वाच पुढं,” कुशाबा म्हणाले.

बाबुरावांनी चष्मा नीट केला आणि पुढची ओळ वाचली.