कोरी हनुवटी

खांदा कॉलनीत माझ्या चष्म्याच्या दुकानाशेजारी ती टॅटू काढायची. मूळची नागालँडच्या डोंगरातली, गळ्यात बारीकसा क्रूस. सुई लावण्याआधी प्रत्येक गिऱ्हाइकाला, अगदी मिशा पिकलेल्यालाही, ती विचारायची, "घरी विचारलं ना?"

तिच्या स्वतःच्या अंगावर मात्र एकही ठिपका नव्हता. एकदा मी कारण विचारलं.

"आमच्यात आपलं आपण काढायचं नसतं, दादा. मुलगी मोठी झाली की गावातली म्हातारी काट्याने तिची हनुवटी गोंदते. माझ्या आजीची गोंदली. मग मिशनवाले आले. त्यांनी शाळा दिली, औषधं दिली आणि सांगितलं, ही सैतानाची खूण आहे, पोरींना गोंदाल तर चर्चमध्ये यायचं नाही. म्हातारीने काटे चुलीत टाकले. पुढे कुणाला शिकवलंच नाही."

माझं डोकंच फिरलं. अरे, देव द्यायचा तर द्या, पण पोरींच्या हनुवटीवर हुकूम चालवणारे तुम्ही कोण? त्या मिशनवाल्यांच्या सात पिढ्यांचा मी तिथे उभ्या उभ्या उद्धार केला.

ती सुई पुसत होती. माझं बोलून झाल्यावर म्हणाली, "ते कधीच गेले, दादा. मागच्या वर्षी आजी वारली, तेव्हा लोक बघायला यायच्या आत तिची हनुवटी रुमालाने झाकली, ती माझ्या सख्ख्या मामाने."

तेवढ्यात एक गिऱ्हाईक खुर्चीत येऊन बसलं.

"घरी विचारलं ना?" ती जवळजवळ ओरडलीच.