शेवटचं कडवं

कमलाक्षीचा गोकुळदासवर राग होता आणि तो तिने कधी लपवलाही नाही. डिचोली तालुक्यात या दोघांच्या भजनाचं नाव होतं. पदं रचायची तिने, पेटीवर बसायचंही तिनेच, आणि वाहवा न्यायची त्याने. पद रंगात आलं की गोकुळदास मधल्याच एखाद्या ओळीवर रेंगाळायचा. एकेक शब्द घोळवत, आयत्या वेळी नवनव्या जागा काढत असा काही बसायचा, की पुढच्या जोडीची पाळी यायची आणि शेवटचं कडवं राहूनच जायचं. नेमकं त्याच कडव्यात 'कमला म्हणे' असं तिचं नाव गुंफलेलं असे. इतक्या वर्षांत एकाही देवळात ते कोणाच्या कानी पडलं नव्हतं.

गोवा घटकराज्य झालं त्या वर्षी कारापूरच्या देवळातल्या अखंड भजनाच्या सप्त्याला जाताना तिने त्याला वाटेतच गाठलं. मराठी की कोंकणी यावरून तेव्हा चहाच्या दुकानात माणसं एकमेकांचं तोंड बघत नव्हती. या दोघांना भांडायला तेवढंही कारण लागत नसे.

"आज शेवटचें कडवें म्हणूंकच जाय," तिने बजावलं.

"लोकांक म्हजो आलाप जाय गे. तुजें नांव कोण विचारता?"

"मगीर पेटीय तूंच वाजय."

तिच्या पेटीशिवाय त्याचं पान हलत नसे. "बरें, म्हणतां," तो गुरगुरला.

दुपारी त्यांची पाळी आली. मेल्याचा गळा सोन्याचा, हे तिलाही कबूल करावं लागे. आलाप आवरून त्याने खरंच शेवटचं कडवं उचललं. कमलाक्षीच्या अंगावर काटा आला. आणि तिच्याकडे बघून हसत त्याने गायलं, 'गोकुळ म्हणे'. मात्रा तेवढ्याच, चालीत चोख बसलं. माणसांनी माना डोलावल्या.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सप्त्यात पुढची जोडी सूर धरेपर्यंत आधीच्यांनी थांबायचं नसतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिने भाता लावून टाकला आणि हात मांडीवर ठेवले. गोकुळदासचा आवाज लटपटला आणि बंद पडला. मृदंगवालाही गांगरून थांबला.

"सप्तो मोडलो!" देवळाचे कारभारी भिकाजी ओरडत पुढे आले. "पेटी कोणें बंद केली?"

यापुढे आपल्याला इथे कोणी बसू देणार नाही, हे तिला कळून चुकलं होतं.

"कमलाक्षीन," ती उभी राहून म्हणाली. "आनी हें पदूय तिचेंच."