लांबून येणाऱ्याची बारी

आमच्या वस्तीखालच्या झऱ्याजवळ आता सहकुटुंब मुक्कामाची सोय झाली आहे. पुण्या-मुंबईकडची माणसं कॅरॅव्हान घेऊन येतात, दोन दिवस राहतात आणि जाताना मोबाइलवर पाच चांदण्या देऊन लिहितात, पाणी फार गोड आहे. पाणी गोडच आहे. त्या पाण्यावर मी वाढले. आणि ही जागा त्यांना दाखवली तीही मीच. ज्या उन्हाळ्यात हे ठिकाण सुरू झालं, त्याच उन्हाळ्यात माझ्या चुलत्यांनी आष्टीच्या बाजारात मेंढरं विकली.

मी तेव्हा पुण्याच्या एका कंपनीत होते. चाकांवरच्या घरात फिरणाऱ्या कुटुंबांसाठी मुक्कामाच्या जागा शोधायच्या, हे माझं काम. नव्या लोकांना ही कल्पना समजावून सांगताना साहेबांच्या डोळ्यांत चमक यायची. घरच सोबत घेऊन निघायचं, म्हणायचे, केवढं स्वातंत्र्य! मला हसू यायचं. आमच्याकडे दसरा झाला की अर्धं गाव घर सोबत घेऊनच निघतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत हंडे, पत्र्याची पेटी, चूल, कोंबड्या आणि त्यावर बसलेली माणसं, ऊस तोडायला. त्यांच्या मुक्कामाची जागा मात्र कुणी यादी घेऊन शोधल्याचं मी पाहिलेलं नाही.

यादी माझ्या हातात असायची. मोठी गाडी वळेल एवढा रस्ता, सपाट जमीन, सावली, मोबाइलची रेंज, तासाभरात दवाखाना, आणि जवळ वाहतं, बारमाही पाणी. त्या वर्षी साहेबांना झऱ्याकाठचीच जागा हवी होती. लहान मुलं पाण्यात खेळली की आईबाप पुन्हा येतात, असा त्यांचा हिशोब. आम्ही कडा गावाच्या बाजूला एक तळं पाहिलं, ते जानेवारीतच तळाला गेलं होतं. नारायणगडाकडची एक जागा चांगली होती, पण यात्रेच्या गर्दीत मुलं झोपणार कशी, म्हणून साहेबांनी ती खोडली. बीडमध्ये कुठला आलाय बारमाही झरा, असं गाडीत कुणीतरी म्हणालं.

ते मला झोंबलं. मी म्हणाले, आमच्याकडे आहे.

ही निव्वळ फुशारकी होती. आज मी तिला दुसरं कुठलंही बरं नाव देणार नाही. त्या गाडीत इंग्रजी नीट न येणारी मी एकटी होते, आणि त्यांच्याकडे नाही असं काहीतरी माझ्याकडे आहे, हे मला एकदा दाखवायचं होतं.

झरा तसा मोठा नाही. खडकाच्या कपारीतून मनगटाएवढी धार येते, खाली हातभर खोल डबकं, आणि त्याच्या खालच्या अंगाला जनावरांसाठी दगडात कोरलेली डोण. माणसांनी वर भरायचं, जनावरांनी खाली प्यायचं. धार लहान, त्यामुळे उन्हाळ्यात बारी लागते. आणि बारीची रीत एकच: जो जास्त लांबून आला, त्याला आधी. वस्तीवरच्यांनी सगळ्यात शेवटी. परक्या गावचा कळप दिसला की तात्या आपली मेंढरं अर्धी प्यायलेली असली तरी मागे ओढायचे. मी लहानपणी चिडायचे. आपला झरा, आणि आपणच का थांबायचं?

तात्या म्हणजे माझे सख्खे चुलते. आई-वडील ऊसतोडीला गेले की सहा-सहा महिने मी त्यांच्याकडेच असायचे. माझी शाळा बुडाली नाही ती त्यांच्यामुळे. सकाळी मेंढरं पाण्यावर घालायची आणि तिथून मला शाळेच्या वाटेला लावायचं, हे त्यांनी दहावीपर्यंत केलं.

आम्ही गेलो तेव्हा वस्ती रिकामी होती, तोडीला गेलेली. मागे होती ती म्हातारी माणसं आणि तात्यांचा कळप. साहेबांनी ओंजळीने पाणी पिऊन पाहिलं आणि खूश झाले. भोवतीचा माळ गावात न राहणाऱ्या एका कुटुंबाच्या नावावर होता, त्यांनी तो भाड्याने दिला. कागद सगळे चोख. झऱ्याकडे येणारी पायवाट तेवढी कुठल्याच कागदावर नव्हती.

आमच्या अर्जात शेवटी एक रकाना असे. सध्या पाणी कोण वापरतं, त्यांची हरकत आहे का? मी तात्यांना विचारलं. मुंबई-पुण्याची कुटुंबं येतील, लेकरंबाळं असतील, ती हे पाणी वापरतील, चालेल ना?

तात्यांना प्रश्नच कळेना. ते म्हणाले, "पान्याला कोन न्हाई म्हनतंय, पोरी? एवढ्या लांबून येनार ती. त्येंची बारी आधीच. हरकत कावून घ्यायची?"

मी रकान्यात लिहिलं, हरकत नाही. आणि खाली त्यांचा अंगठा घेतला.

त्यांनी काय दिलं आणि मी काय लिहून घेतलं, यातला फरक तिथे फक्त मला कळत होता. साहेबांना रीत माहीत नव्हती, तात्यांना कागद माहीत नव्हता. मला दोन्ही माहीत होतं. म्हणून दोष वाटून घ्यायला माझ्याकडे कुणी नाही.

गुढीपाडव्यानंतर मी पुन्हा गेले, पहिल्या महिन्याची पाहणी करायला. झऱ्याला आता तारेचं कुंपण होतं, फाटक होतं, आत चार कॅरॅव्हान उभ्या होत्या. डोणीत कुणाचं तरी लेकरू बसून पाणी उडवत होतं. फाटकाबाहेर, बाभळीच्या विरळ सावलीत, तात्या बसले होते. मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी होती.

मी गाडीतून उतरले. तात्यांनी माझी ख्यालीखुशाली विचारली. मग कळलं, ते तीन दिवस तिथे येत होते. पहिल्या दिवशी वॉचमन म्हणाला, आत पाहुणे आहेत, नंतर या. तात्यांना ते बरोबरच वाटलं. पाहुण्यांची बारी आधी. ते खाली बसले. संध्याकाळी मेंढरं दोन कोसांवरच्या विहिरीवर नेली, तिथे गढूळ, थोडंसं मिळालं. दुसऱ्या दिवशी पाहुणे बदलले, नवे आले, तेही लांबचेच. वाटेत दोन कोकरं गेली, हे त्यांनी शेळी व्याल्याची बातमी द्यावी तितक्याच साधेपणाने सांगितलं. वर म्हणाले, "लई लांबलांबून यायलेत बघ मानसं. पर व्हईल आज. यील आमची बारी."

बारी येणारच नाही, हे मला दिसत होतं. मी वॉचमनकडे गेले आणि मेंढरं आत घे म्हणाले. तो बिचारा पोटासाठी आलेला, म्हणाला ऑफिसला विचारा. मी साहेबांना फोन लावला. साहेब शांतपणे बोलले. मुलं खेळतात त्या पाण्यात लेंड्या पडल्या तर लोक काय लिहितील, असं म्हणाले. आणि हरकत नाही असं तुम्हीच तर लिहून आणलंय ना, तुमच्याच अक्षरात.

फोन ठेवून मी पुन्हा वॉचमनशी भांडले. ही मेंढरं आधी जातील, मग मी, असं आवाज चढवून म्हणाले. तात्यांना माझं भांडण भलतंच कळलं. आधी बारी कुणाची, यावरून मी वाद घालते आहे असं त्यांना वाटलं असावं. ते गुडघ्यावर हात टेकून उठले, पुढे आलेली एक मेंढी त्यांनी काठीने मागे सारली आणि मला वाट करून दिली.

"तिला सोड बाबा आधी," ते वॉचमनला म्हणाले. "ती पुन्याहून आलीया. आमी काय, हितलेच."

वॉचमनने फाटक उघडलं. तात्या कळप धरून बाजूला उभे राहिले, माझ्या लहानपणी परक्या गावच्या माणसांसाठी राहायचे तसे. आणि मी आत गेले.