छत्री धरणारा हात

दगडूमामा फोटोवाले लग्नघरी पोचले की चहालासुद्धा हात लावायचे नाहीत. आधी मांडवात एक खुर्ची मागायचे आणि विचारायचे, "नवरीचा बाप कुठं हाय?" बाप बिचारा चुलाणापाशी नाहीतर पाहुण्यांच्या सरबराईत अडकलेला असायचा. त्याला धरून आणायचे, तोंड पुसायला लावायचे, टोपी सरळ करायचे आणि पहिला फोटो त्याचा एकट्याचा काढायचे. नवरदेव ताटकळला काय, वऱ्हाड फुगून बसलं काय, मामांना त्याचं सोयरसुतक नसे. "नवरदेव काय, उद्याबी हाय. बाप, तुमी बसा!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

हिंगोलीत या खोडीची टिंगल व्हायची. सेनगावकडच्या एका बड्या लग्नात तर वरपक्षाला हा चक्क अपमान वाटला. "आधी मुलाचा काढा, न्हाईतर चालू लागा," वरबाप गरजला. मामांनी शांतपणे नवरीच्या बापाचा फोटो काढला, कॅमेरा पिशवीत घातला आणि खरोखरच चालू लागले. ही गोष्ट बाजारात लोक हसत हसत सांगायचे. मला मात्र कधी हसू आलं नाही, कारण ती खोड आमच्या घरात जन्मली होती.

माझं लग्न भर श्रावणात झालं. आम्ही बौद्ध, मुहूर्ताची भानगड नव्हती. यांना नोकरीत रजा मिळाली ती तेव्हाच. माझ्या माहेरी, साखऱ्याला आदल्या दिवसापासून झड लागली होती आणि मांडवाचं कापड पाण्याच्या भारानं खाली लोंबत होतं. वऱ्हाडाबरोबर जीपमधून हिंगोलीचा एक फोटोवाला आला. तेच दगडूमामा, पण तेव्हा ते आमचे कुणी नव्हते. त्यांचा फ्लॅश वाटेतच भिजून मेला होता आणि घरात तर दिवसाढवळ्या अंधार. "उजेड अंगणातच हाय. पन कॅमेऱ्यात पाणी गेलं तर त्योबी जाईल," असं म्हणत ते ओसरीवर घुटमळत उभे राहिले.

तेव्हा माझा बा छत्री उघडून पुढे झाला. बा दुष्काळात खडी फोडायच्या कामावर होता. तिथं त्याच्या डाव्या हाताचं एक बोट चेचलं होतं, ते कायमचं वाकडं राहिलं. त्याच हातानं त्यानं कॅमेऱ्यावर छत्री धरली. स्वतः पुरता भिजला, पण कॅमेऱ्यावर थेंब पडू दिला नाही. आम्ही अंगणाच्या कडेला, गळक्या मांडवाखाली हार घालून उभे राहिलो.

"तुमीबी या की एका फोटोत," मामा त्याला म्हणाले.

"पयलं लेकरांचं होऊ द्या. माझा शेवटी काढा."

"बराबर. शेवटचा तुमचा."

पण सासरची माणसं एकामागून एक येत राहिली. सासऱ्यांचे भाऊ आले, त्यांचे साडू आले, शेवटी जीपचा ड्रायव्हरही केस विंचरून आला. लग्नात कुणाला नाही म्हणायचं? रोल संपला तरी बा छत्री धरूनच होता. मामा हळहळले. बा हसला. "ऱ्हाऊ द्या हो. मी काय पळून चाललोय व्हय?"

ओढ्याला पाणी होतं म्हणून जीप पलीकडेच उभी होती. बा माझी ट्रंक डोक्यावर घेऊन आम्हाला पोचवायला आला. निघताना मी मागे पाहिलं नाही. रडायला लागले तर थांबायची नाही, हे मला माहीत होतं. मामा जीपच्या मागच्या बाजूला तोंड करून बसले होते. मिटलेली छत्री काखेत धरून बा परत पाण्यात उतरला, ते त्यांनी पाहिलं. त्याला जिवंत पाहणारे ते शेवटचे. वर कुठंतरी जोराचा पाऊस झाला होता आणि त्याचा लोंढा तेवढ्यातच आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बा खाली बाभळींत सापडला. आमच्याकडे तेव्हा जिवंतपणी फोटो निघाला नसेल, तर मेलेल्या माणसाला खुर्चीत बसवून, हार घालून, घरच्यांना भोवती उभं करून काढत. काकानं त्याच फोटोवाल्याला बोलावून घेतलं. मामा आले, बाजवळ बसले, तोंडावरचं फडकं उचलून पाहिलं आणि पुन्हा झाकलं. कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही.

"वैनी, म्या हा फोटो काढनार न्हाई," ते मायला म्हणाले. "पाण्यानं मानूस पार बदलून टाकलाय. ह्यो भितीवर लागला तर लेकरांना ह्योच बाप ध्यानात राहील."

माय त्यांच्या पाया पडली. "कसाबी असू द्या भाऊ, माझ्याकडं दुसरा न्हाई."

"काल काहून काढला न्हाईस मग?" काका ओरडला. मामांनी खाली मान घातली. पण फोटो काढला नाही.

पुढे लग्नाचे फोटो घेऊन ते स्वतः साखऱ्याला गेले. एका फोटोत, वाऱ्यानं छत्री पुढे ओढली असावी, कडेला छत्रीची मूठ आणि ती धरणारा हात आला होता. पुसटच, पण वाकडं बोट कळत होतं. एरवी असली कड ते कापून टाकत. ही तशीच ठेवली होती. मायनं फोटो घेतला आणि दार लावलं. त्यानंतर ती त्यांच्याशी बोलली नाही.

मी हिंगोलीत नांदायला आले, त्यांचं दुकान आमच्याच गल्लीत, म्हणून ते माझे मामा झाले. पावसाळ्यात लग्न असलं की ते बांबूला छत्री बांधून कॅमेऱ्याशेजारी रोवत. कुणी धरायला आला तर खेकसत, "छत्री मानसाच्या हातात द्यायची न्हाई!" एकदा दुकानात मला म्हणाले, "पोरी, बाप ध्यानात हाय ना जसाच्या तसा? म्या बराबर केलं ना?" मी म्हटलं, "व्हय मामा." तेव्हा ते खरं होतं.

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाला मीच त्यांना बोलावलं. उन्हाळा होता, आभाळ निरभ्र. सवयीनं त्यांनी खुर्ची मागितली, ती आली, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की तिच्यात बसवायला कुणी नाही. मामा मायसमोर जाऊन उभे राहिले. "वैनी, तुमी बसा. आता बाप तुमीच."

माय उठली, खुर्चीत बसली आणि तिनं पदर हनुवटीपर्यंत ओढून घेतला. "त्यांचं तोंड न्हाई, तर माझं कशाला?" ती आतून म्हणाली आणि एक हात खुर्चीच्या दांडीवर ठेवला. "ह्यो काढा."

मध्येच वाऱ्यानं पदर उडाला. "काढा, काढा मामा!" आम्ही बहिणी ओरडलो. मामांनी बटणावरचं बोट उचललं. मायनं पदर पुन्हा ओढून घेतला, तेव्हाच फोटो काढला. "जेवढा दिला तेवढाच घ्यायचा," ते मला म्हणाले. मला त्यांचा फार राग आला. आजही येतो. जेवायच्या वेळी मायनं त्यांच्या पानात स्वतःच्या हातानं भाकरी वाढली. बोलली मात्र नाही.

आता माय नाही, मामाही नाहीत. माझ्या घरी दोन फोटो शेजारी-शेजारी लावलेत, एकात बाचा हात, एकात मायचा. मायचा चेहरा मी सांगू शकते. पण लेक विचारते, "आजोबा दिसायला कसे होते?" मी डोळे मिटते. छत्री येते, बाहीवरून गळणारं पाणी येतं, वाकडं बोट येतं. चेहरा येत नाही.