बिशपसाहेबांसाठी केलेला मनुक्यांचा रस

परवा सुनेने भिजत घातलेले मनुके उकाड्यात दोन दिवस बाहेरच राहिले. झाकण काढताच आंबूस वास आला आणि नंदुरबारच्या आमच्या मेथडिस्ट चर्चमधला एक जुना रविवार आठवला.

प्रभुभोजनाला आमच्यात दारू चालत नाही, मनुक्यांचा रस असतो. मार्थाबाई तो शनिवारी करायच्या. त्या वेळी बिशपसाहेब येणार म्हणून सगळंच लवकर उरकलं होतं : कमान, हार आणि गुरुवारीच रस. रविवारी सेवेकरी म्हणून छोटे कप भरताना मला वास आला.

"मार्थाबाई, हाऊ रस ते आंबी गया."

"आते चूप राय, भाऊ. साहेब उभा शेतस."

मी तेच कप तबकात मांडले आणि बिशपसाहेबांच्या मागे निघालो. वेदीच्या कठड्याशी गुडघे टेकलेल्यांत पाचवे होते गुलाबकाका. मोहाची दारू सोडून त्यांना अकरा वर्षं झाली होती. "एक थेंब पोटमा गया, का मन्हं सगळं खलास," असं ते कुणालाही सांगत.

पहिले चौघे भक्तिभावाने प्यायले. बिशपांसमोर तोंड कोण वाकडं करणार?

काकांनी कप नाकाशी नेला. तो तिथेच थांबला. मग त्यांनी कप भरलेलाच तबकात परत ठेवला.

"साहेब, माले पानी द्या."

बिशपसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी धावत जाऊन माठातलं पाणी आणलं.

नंतर मंडळीत माझ्या तत्परतेचं कौतुक झालं. तेव्हा मला ते रास्तच वाटलं होतं.